औषध सोसत नाही, हे डॉक्टरांपुढे कसं मांडायचं

"डॉक्टर, मला औषधंच सोसत नाहीत हो." बहुतेकांची सुरुवात या वाक्यानं होते आणि तपासणी तिथंच संपते. डॉक्टर "टेन्शन घेता का?" असं विचारतात आणि चिठ्ठीवर मन शांत करणारी एक गोळी वाढते. पुढे तीही सोसत नाही. वाक्य खोटं नसतं. पण कोणतं औषध, किती मात्रा, किती वेळानं काय झालं, यातलं काहीच त्यात नसतं. बाहेर चाळीस नंबर लागलेले असताना त्यावरून कुठलाही डॉक्टर काही ठरवू शकत नाही.

मीही हे वाक्य सहा वर्षं म्हणत आले. उलटीवर दिलेल्या इंजेक्शननंतर तासाभरात माझी मान एका बाजूला ओढली जायची, डोळे वर चढायचे, जबडा आवळायचा. शुद्ध पूर्ण असायची. दवाखान्यात त्याला हिस्टेरिया म्हणाले, घरी आत्यानं अंगारा लावला. तिसऱ्या वेळी रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "उलटीला काय दिलं होतं?" मला सांगता आलं नाही. नवऱ्याच्या खिशात चिठ्ठी होती म्हणून कळलं: मेटोक्लोप्रमाइड. त्या डॉक्टरनं प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं आणि पंधरा मिनिटांत मान सरळ झाली. या औषधाचा हा परिणाम पुस्तकात छापलेला आहे, तरुण मुलींमध्ये जास्त दिसतो. माझ्या सांगण्यानं जे सहा वर्षांत झालं नाही, ते एका चुरगळलेल्या कागदानं केलं. पुढचे सगळे टप्पे त्या कागदाच्या तयारीचे आहेत.

थांबा. श्वास लागणं, ओठ-जीभ-चेहरा सुजणं, घेरी येऊन पडणं, तोंडात-डोळ्यांत फोड येऊन कातडी सोलणं, लघवी काळी-लालसर होणं, डोळे पिवळे होणं: यातलं काही आत्ता होत असेल तर लेख बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा.

## टप्पा १: कागद आणि पाकिटं गोळा करा

जन्मापासूनचं सगळं नको. गेल्या पाचेक वर्षांतलं आणि त्याआधीचं एखादं मोठं दुखणं, एवढं पुरे.

चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड आणि मेडिकलची बिलं काढा. बिल फार कामाचं: त्यावर ब्रँड, बॅच नंबर आणि तारीख असते. बिल हरवलं असेल तर नेहमीच्या मेडिकलवाल्याच्या कॉम्प्युटरवर बहुधा सापडतं.

ॲडमिट असताना त्रास झाला असेल तर डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. सलाईनमधून कोणतं इंजेक्शन किती वाजता गेलं, हे त्यावर क्वचितच असतं. ते असतं नर्स भरतात त्या औषधांच्या तक्त्यात. म्हणून लेखी अर्ज करून "इनडोअर केसपेपरची पूर्ण प्रत" मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि ते जपायचं बंधन तीनच वर्षांचं आहे. उशीर केलात तर "रद्दीत गेलं" हे उत्तर मिळू शकतं.

आता पाकीट वाचायचं. ब्रँडचं नाव कंपनीनं ठेवलेलं. आपल्याला हवं ते औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम. सर्दीच्या एकाच गोळीत पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन अशी तीन-तीन औषधं असतात. छातीत धडधड झाली ती फेनिलेफ्रिननं, झापड आली ती क्लोरफेनिरामिननं, आणि आपण आयुष्यभर सांगत राहतो की "मला पॅरासिटामॉल चालत नाही". पाकिटावर रंगाची ओळही असते: टार्ट्राझिन, सनसेट यलो वगैरे. बाकी भरणद्रव्यांपुढे (गोळी बांधायला घातलेल्या पदार्थांपुढे) नुसतं "क्यू. एस.", म्हणजे लागेल तेवढं, असं लिहिलेलं असतं. नावं हवी असतील तर कंपनीला ईमेल करावा लागतो.

नेहमीची चूक: चारच गोळ्या घेतल्या की मेडिकलवाला पाकीट कापून देतो आणि नाव-बॅच असलेला तुकडा त्याच्याकडे राहतो. कापण्याआधी अख्ख्या पाकिटाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. पाच सेकंदांचं काम आहे, पण मी बघते तेवढ्यात दहातले नऊ जण करत नाहीत.

## टप्पा २: एका पानाचा तक्ता

एखादा त्रास औषधामुळेच झाला का, हे ठरवायला डॉक्टर १९८१ पासून दहा प्रश्नांची एक पद्धत वापरतात, नारांजो स्केल. नऊ किंवा जास्त गुण म्हणजे निश्चित, पाच ते आठ म्हणजे बहुधा, एक ते चार म्हणजे शक्य. यातल्या चार प्रश्नांना कुठलीही तपासणी लागत नाही:

- त्रास औषध घेतल्यानंतरच सुरू झाला का? (२ गुण)
- बंद केल्यावर कमी झाला का? (१)
- पुन्हा घेतल्यावर पुन्हा झाला का? (२)
- दुसरं कारण नव्हतं ना? (२)

चारही उत्तरं तुमच्या बाजूनं आली तर सात गुण होतात, म्हणजे "बहुधा". म्हणून तक्त्याचे रकाने याच क्रमानं आखा: औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि कशातून दिलं, तारीख, किती वेळानं काय झालं, बंद केल्यावर किती वेळात गेलं, आधी किंवा नंतर कधी घेतलं होतं का, त्याच दिवसांत दुसरं काय चालू होतं.

माझी एक ओळ अशी आहे: "मेटोक्लोप्रमाइड १० मि.ग्रॅ., शिरेतून. तासाभरात मान डावीकडे, डोळे वर, जबडा घट्ट, शुद्धीवर. प्रोमेथाझिननंतर १५ मिनिटांत बरं. एकूण तीन वेळा. दर वेळी जुलाब-उलट्या चालू होत्या, पण हे औषध न देता झालेल्या दोन आजारांत मानेला काही झालं नाही." शेवटचं वाक्य सगळ्यात जड आहे.

शेवटच्या रकान्यात काढा, गुळवेल, शेजारणीनं दिलेली सांधेदुखीची पुडीसुद्धा लिहा. पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं निघतं. पपनसाचा रसही काही औषधांची रक्तातली पातळी वाढवू शकतो, आणि कोकणात हंगामात तो घरोघरी असतो.

तक्त्याचे दोन भाग करा: वर "खात्रीचं", खाली "शंका". सगळं एकाच यादीत कोंबलं की खात्रीचंही शंकेत जातं. वीस औषधांची यादी बघितली की डॉक्टरांचं लक्ष यादीवरून उठून तुमच्या चेहऱ्याकडे जातं.

यादी छोटी करण्यात तुमचाही फायदा आहे. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचा शिक्का असलेल्यांची नीट चाचणी केली तर दहापैकी सुमारे नऊ जणांना ते चालतं असं परदेशातल्या तपासण्यांत दिसलं आहे. लहानपणी तापात अंगावर पुरळ आलं ते तापाचंच होतं, पण शिक्का औषधावर बसला. अशा शिक्क्यामुळे पुढे महाग आणि जास्त त्रासाची अँटिबायोटिकं घ्यावी लागतात.

तपासा: घरातल्या दुसऱ्या माणसाला पान वाचायला द्या. दोन मिनिटांत त्याला कळलं नाही तर लांबलं आहे.

## टप्पा ३: आपले शब्द डॉक्टरांच्या कामाचे करा

इथं मराठीच आपल्याला अडकवते. "गोळीनं पित्त उठलं" म्हटलं की डॉक्टर ॲसिडिटीची गोळी लिहून देतात. तुम्हाला म्हणायचं असतं अंगावर गांधी उठल्या. एकात पोटात जळजळ आहे, दुसऱ्यात ॲलर्जीची शक्यता, आणि शब्द एकच. त्यामुळे "पित्त" हा शब्द दवाखान्याच्या दारात सोडून आत जा.

"औषध गरम पडलं" यालाही तिथं अर्थ नाही. तोंड आलं? लघवीला जळजळ? नाकातून रक्त? हातापायांची आग? जे झालं ते अवयवाच्या नावानं सांगा. "चक्कर" म्हणजे खोली फिरत होती, की उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, की तोल जात होता? खोली फिरली तर कान तपासतात, अंधारी आली तर रक्तदाब. "कसंतरी होतं" हे तर सांगूच नका. घरी बसून त्या "कसंतरी"चे तुकडे पाडा: धडधड, थरथर, घाम, मळमळ, मुंग्या, एका जागी बसवेना. एका जागी बसवेनासं होणं हाही काही औषधांचा ओळखीचा परिणाम आहे, आणि ती घालमेल हमखास घबराटीच्या नावावर जाते.

मोजता येईल ते मोजा. नाडी, रक्तदाब, ताप आणि शेजारी वेळ. "खूप धडधडत होतं" यापेक्षा "रात्री ९.४० ला नाडी १२८" याला वजन आहे.

## टप्पा ४: "ॲलर्जी" हा एकच शब्द सगळीकडे वापरू नका

खरी ॲलर्जी हा औषधाच्या त्रासांतला एक प्रकार. तुमचा त्रास त्यात बसत नसेल आणि तुम्ही तोच शब्द धरून बसलात, तर डॉक्टर "ही ॲलर्जी नाही" म्हणतात. ते बरोबर असतात, आणि तुम्हाला वाटतं विश्वास ठेवला नाही. निदान डॉक्टरांचं, पण पुढच्यातला कोणता प्रकार वाटतो ते विचारून ठेवा.

मात्राच जास्त पडते. वजन ३८ किलो, वय सत्तर, मूत्रपिंड थोडं मंद, आणि गोळी मात्र सगळ्यांना तीच. पानाच्या डोक्यावर वजन लिहा.

दोन औषधांची टक्कर. कोलेस्टेरॉलची गोळी वर्षभर चालू आहे, घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झालं आणि मांड्या दुखायला लागल्या. दोष एकट्या कुणाचाच नाही.

यकृतातली एन्झाइमं वेगळ्या गतीची. सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम खोकला-दुखण्यावरच्या कोडीनचं मॉर्फिन करतं. काहींत ते इतकं जोरात चालतं की खोकल्याच्या साध्या औषधानं गुंगी चढते. काहींत चालतच नाही आणि दुखणं थांबत नाही. "एवढ्याशा गोळीनं असं होतच नाही" हे वाक्य अशांनाच जास्त ऐकावं लागतं. जनुकीय तपासणी खासगी लॅबमध्ये होते, पण ती सगळ्या औषधांचं उत्तर देत नाही, मोठं पॅकेज घेण्याआधी "या तपासणीनं माझं कोणतं औषध बदलेल?" असं विचारा. काही ठिकाणी मात्र आधी तपासणं खरंच मोलाचं आहे: प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या ॲझाथायोप्रिनच्या आधी टीपीएमटी आणि एनयूडीटी१५, फिट्सवरच्या कार्बामाझेपिनच्या आधी एचएलए-बी*१५:०२, ही त्या त्या जनुकांची नावं.

जी६पीडीची कमतरता. हे रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम. मलेरियाचं प्रायमाक्विन, कुष्ठरोगाचं डॅप्सोन किंवा लघवीच्या इन्फेक्शनचं नायट्रोफ्युरँटॉइन घेतल्यानंतर लघवी काळी झाली आणि थकवा आला तर ही स्वस्तातली तपासणी मागा. काही आदिवासी समाजांत आणि पारशी लोकांत ही कमतरता जास्त आढळते.

एकाच जागी उठणारा डाग. दर वेळी त्याच ठिकाणी, ओठावर किंवा हातावर, गोल काळपट चट्टा. दुखण्याच्या गोळ्या, को-ट्रायमोक्साझोल, जुलाबावरची ऑर्निडाझोल-मेट्रोनिडाझोल ही नेहमीची कारणं. त्वचेच्या डॉक्टरांना फोटो दाखवला तर ते लगेच ओळखतात.

दमा आणि दुखण्याच्या गोळ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांपैकी एकानं दम लागला तर बाकीचीही धोक्याची. गोळीचं नाव बदललं म्हणून सुटका होत नाही.

## टप्पा ५: डॉक्टरांसमोरची पहिली तीन मिनिटं

क्रम महत्त्वाचा. आधी आजचं दुखणं सांगा, मग एक वाक्य: "औषध लिहिण्याआधी हे पान बघाल का? वरची तीन औषधं खात्रीची आहेत." आणि गप्प बसा. वाचू द्या. आपण बोलत राहिलो की ते वाचत नाहीत.

चिठ्ठी लिहून झाल्यावर पान काढणं ही सगळ्यात मोठी चूक. लिहिलेलं खोडायला कुणालाच आवडत नाही.

आधीच्या डॉक्टरांची उणीदुणी काढू नका, मोबाइलवरचे लेख उघडू नका, आणि त्रास मोठा वाटावा म्हणून "श्वास बंद झाला होता" असं वाढवून सांगू नका. एक गोष्ट खोटी निघाली की पान कचऱ्यात गेलं समजा.

"हे मनाचं आहे" असं म्हणाले तर भांडू नका. मनाचा वाटा खरंच असतो. लंडनमध्ये कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीच्या त्रासामुळे ती सोडलेल्या ६० जणांवर एक प्रयोग झाला, त्याचे निकाल २०२० साली आले: काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी, काही महिने काहीच नाही. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जो त्रास वाढला त्यातला सुमारे ९० टक्के खोट्या गोळीच्या महिन्यांतही झाला. ही माणसं खोटं बोलत नव्हती, दुखत होतंच. मला त्यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते: डॉक्टरांनी मत दिलं नाही, मोजून दाखवलं, आणि नंतर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. म्हणून तुम्हीही एवढंच म्हणा, "असेल, डॉक्टर. मग मनाचं की औषधाचं, हे आपण तपासायचं कसं?" हा प्रश्न मी तीन डॉक्टरांना विचारलाय. दोघं खुर्चीत पुढे सरकून बसले. तिसऱ्यांकडे मी परत गेले नाही.

उठण्याआधी दोन गोष्टी मागा: "केसपेपरवर लिहाल का?" आणि "त्रास झाला तर कुणाला फोन करू?"

तपासा: तक्ता सांभाळणारा एक फॅमिली डॉक्टर ठरला का? दर वेळी नवा डॉक्टर म्हणजे दर वेळी पहिल्या पानापासून सुरुवात.

## टप्पा ६: नवं औषध सुरू करताना

सुरू करण्याआधी तीन दिवस, औषध न घेता, रोज डोकेदुखी, झोप, पोट, नाडी लिहा. हे सगळेच टाळतात. पण आधीच किती दुखत होतं हे माहीत नसेल तर औषधानं किती वाढलं हे कळणार कसं?

मग एका वेळी एकच नवं औषध, डॉक्टरांना विचारून. पहिली मात्रा शक्यतो सकाळी, घरात कुणीतरी असताना, दवाखाना उघडा असेल अशा दिवशी. शनिवारी रात्री तर नकोच.

कमी मात्रेनं सुरुवात करता येईल का, पातळ औषध मिळेल का, हे विचारा. स्वतःहून गोळी मोडू नका. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर असलेल्या गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. मोडली की दिवसभराचं औषध एकदम सुटतं. अँटिबायोटिक, फिट्सची आणि रक्त पातळ करणारी औषधं स्वतःच्या मनानं अर्धी करणं म्हणजे एका त्रासातून दुसऱ्यात उडी.

एक कंपनी सोसली की तीच धरा. "तेच आहे हो, फक्त कंपनी वेगळी" हे मेडिकलवाल्याचं म्हणणं औषधापुरतं खरं असतं. रंग आणि भरणद्रव्यं बदललेली असू शकतात.

लक्षात ठेवा: इंजेक्शनआधी कातडीत दिलेला टेस्ट डोस नॉर्मल आला म्हणजे सगळं सुरक्षित असं नाही. तो फार तर लगेच उठणाऱ्या ॲलर्जीबद्दल काही सांगतो. चार दिवसांनी येणाऱ्या पुरळाबद्दल किंवा माझ्यासारख्या मान ओढण्याबद्दल काहीच नाही.

## टप्पा ७: त्रास झालाच तर, त्याच दिवशी

घसा आवळतोय, अंगभर गांधी, घेरी असं एकत्र झालं तर सेटिरिझिन घेऊन वाट बघू नका. यावर पहिलं औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेलं ॲड्रेनॅलिन, आणि ते दवाखान्यात मिळतं. गाडी येईपर्यंत आडवं झोपा, पाय वर. दम लागत असेल तर बसून राहा. तिथं रक्तातलं ट्रिप्टेज (ॲलर्जीच्या झटक्यात वाढणारा घटक) तपासता येईल का ते विचारा. त्याचं रक्त साधारण पहिल्या चार तासांतच घ्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी ॲलर्जी झाली होती हे दाखवणारा पुरावाच उरत नाही.

बाकी वेळी उजेडात फोटो काढा, चट्ट्याशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. मान ओढणं, थरथर याचा व्हिडिओ घ्या. उरलेल्या गोळ्या पाकिटासकट जपा.

पुरळ, सूज, दम यात पुढची मात्रा थांबवून लगेच फोन करा. पण रक्तदाबाच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, फिट्सची, झोपेची आणि नैराश्याची औषधं एकाएकी सोडली तर सोडण्याचाच त्रास होतो. तिथं आधी फोन.

आणि "बघू या पुन्हा घेऊन" हा प्रयोग घरी कधीही नाही. तोंडात फोड, सूज किंवा दम झालेला असेल तर अजिबातच नाही.

## टप्पा ८: सरकारी नोंद करा

हे फार थोड्यांना माहीत आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे; मुख्य केंद्र गाझियाबादला, इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये. रुग्ण स्वतः कळवू शकतो, डॉक्टरांची सही लागत नाही. टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. अनेक मेडिकल कॉलेजांत याचं केंद्र असतं, बहुधा फार्माकॉलॉजी विभागात. खात्री नसली, नुसती शंका असली तरी चालते. नावाची आद्याक्षरं, वय, औषध, काय झालं आणि कधी, कळवणारा कोण, एवढं भरलं की नोंद होते.

इथून उपचार किंवा भरपाई मिळत नाही. पण भरलेल्या फॉर्मची प्रत फाइलला लावा. पुढच्या डॉक्टरांच्या हातात तक्रारीऐवजी नोंद पडते.

## टप्पा ९: ऑपरेशनआधी आणि पाकिटातलं कार्ड

ऑपरेशन ठरलं की सर्जनला सांगून भागत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशी स्वतः भेटा. पान द्या, आणि रक्ताच्या नात्यात कुणाला भुलेनंतर श्वास यायला उशीर झाला होता का हेही सांगा. सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध काही मिनिटांत उतरतं, पण ते मोडणारं एन्झाइम कमी असलेल्यांत तासन्‌तास राहतं. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य (कोमटी) समाजात हा दोष जास्त आढळतो, आणि हा समाज मराठवाड्यातही आहे. काकांना ऑपरेशननंतर मशीनवर ठेवावं लागलं होतं, ही घरातली जुनी गोष्ट तिथं सांगायचीच.

कार्ड आधार कार्डाएवढं, जाड कागदाचं. एका बाजूला खात्रीची औषधं मूळ नावानं, मराठीत आणि इंग्रजीत, काय होतं ते तीन शब्दांत. दुसऱ्या बाजूला चालू औषधं, वजन, रक्तगट, फॅमिली डॉक्टरांचा आणि घरचा नंबर. एक प्रत पर्समध्ये, एक मोबाइलच्या कव्हरमागे, एक घरातल्या माणसाच्या खिशात. माझ्या नवऱ्याच्या खिशातली चौथी प्रत आहे. पहिल्या तीन धुण्यात गेल्या.